पेटवण्याआधीची तपासणी

२ मार्च
आजपासून कामाची नोंद ठेवायची. भावना लिहायच्या नाहीत. डिप्लोमाला प्रोजेक्टची डायरी असायची, तशी. फरक एवढाच की ही कुणी तपासणार नाही, म्हणून जास्त काळजीपूर्वक लिहायची.

काम : नानांचं गॅस ग्रिल चालू करणं.

नाना म्हणजे माझे चुलते, हंबीरराव. मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर होताना त्यांनी मेसच्या निकामी सामानाच्या लिलावातून हे ग्रिल उचललं. चार पायांवर उभी लोखंडी पेटी, वर घुमटासारखं झाकण, आत जाळी आणि जाळीखाली गॅसचे लांब बर्नर. साहेब लोक हिरवळीवर उभे राहून त्यावर कोंबडी भाजायचे, असं नाना सांगतात. आमच्याकडं आल्यापासून पेटी गोठ्यात आहे. काकी तिच्यात कांदे ठेवते. गल्लीतल्या निम्म्या लोकांना तो इस्त्रीचा गाडा वाटतो.

काल जेवताना गाळ्याचा विषय निघाला. कोरेगाव रोडला स्टॉपजवळ आमचा सामाईक गाळा आहे. तिथली पिठाची गिरणी उठली. साईराजला, म्हणजे नानांच्या मुलाला, तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं आहे. मला रिपेअरिंगचं वर्कशॉप टाकायचं आहे. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी. घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. मेकॅनिकलचा डिप्लोमा होऊन दीड वर्ष झालं आणि घरात आजवर मी एकच वस्तू दुरुस्त केली आहे, टीव्हीचा रिमोट. सेल उलटे बसवलेले होते.

तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोघांचं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "नानाची पेटी यात्रंला गॅसवर चालू करून दाव. गाळा तुझा."

नाना लगेच हो म्हणाले. साईराज हसला. मी हसण्याकडं लक्ष दिलं नाही.

यात्रा एप्रिलच्या शेवटी. दुसरा दिवस मटणाचा, सगळे पाव्हणे घरी. काम दोन आठवड्यांचं आहे. उरलेला वेळ गाळ्याला रंग द्यायला जाईल. रंग फिकट निळा.

५ मार्च
कांदे बाहेर काढले. काकीनं, म्हणजे चंद्राबाईंनी, कांदे कुठं ठेवायचे ते डिप्लोमात शिकवतात का, असं विचारलं.

पाहणी. पेटीचा तळ शाबूत. झाकणाची बिजागरी गंजलेली. जाळी हातात घेतली तर तिचे दोन तुकडे झाले. तीन बर्नरपैकी एक गंजून चाळण, दुसऱ्यात कसलं तरी घरटं, तिसरा नाहीच. बटणं गायब. एक चाक आहे.

कंपनी परदेशी, तिचे पार्ट इकडं मिळत नाहीत. म्हणजे जुन्या वस्तूंतून काढलेले पार्ट वापरायचे. नियम ठरवला : ज्याचं मूळ माहीत नाही असा एकही पार्ट लावायचा नाही. अन्न शिजवायची वस्तू आहे. कुणी विचारलं तर प्रत्येक तुकडा कुठून आला हे सांगता आलं पाहिजे. कुणी विचारलं नाही तरीही.

९ मार्च
बर्नरवर चरबी ठिबकू नये म्हणून वर पत्र्याची झाकणं लागतात. तात्यांनी जुन्या फवारणी पंपाची स्टीलची टाकी आणून दिली. म्हणाले, काप हवी तशी, लय भारी स्टील हाय.

स्टील खरंच चांगलं होतं. पण त्यात सोळा-सतरा वर्षं औषध होतं. तात्या म्हणाले धू. साबणानं धुतली, चिंचेनं धुतली, राखेनं धुतली. प्रत्येक वेळी मला वास आला. आईला दिला वास घ्यायला, तिला आला नाही. साईराजला आला नाही. नाना म्हणाले, वास तुझ्या नाकात हाय. टाकी परत केली.

तात्यांनी ती स्वतःच गोठ्याच्या माळ्यावर फेकली. माझ्या काटेकोरपणाची त्यांना सवय होत आहे.

१४ मार्च
आईनं दूध तापवायला ठेव म्हणून सांगितलं. माझ्या हाताला ग्रीस होतं. आई म्हणाली, धू. धुतले. मग हात ओले होते. ओल्या हातानं लायटर धरू नये. पुसेपर्यंत आईनंच ठेवलं.

दिवसभरात बिजागरी सुटी केली. प्रगती चांगली.

१७ मार्च
सांगलीला गेले. हॉस्टेलची मैत्रीण संयोगिता तिथं एका वर्कशॉपमध्ये लागली आहे. तिनं जुन्या बाजारात फिरवलं. एका बंद पडलेल्या गीझरचा ठिणगी पाडणारा लायटर मिळाला, एका हॉटेलच्या शेगडीचे तीन व्हॉल्व्ह बटणांसकट मिळाले. सगळ्यांचं मूळ विचारून घेतलं. दुकानदार म्हणाला, ताई, तुम्ही स्थळ बघायला आल्यासारखं विचारताय.

बाजारातून रिक्षानं परत येताना संयोगितानं विचारलं की घरटं असलेला बर्नर साफ करून एकदा साधा पेटवून पाहिलास का, म्हणजे पेटी चालण्याजोगी आहे हे तरी कळेल. तिला क्रम समजावून सांगितला. आधी सर्व पार्ट, मग जोडणी, मग तपासणी, मग पेटवणं. ती म्हणाली, प्रॅक्टिकलला पण बन्सन बर्नर मीच पेटवायचे आणि तू रीडिंग लिहायचीस. मी म्हणाले, कारण माझं अक्षर चांगलं होतं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. बहुधा वर्कशॉपमध्ये त्रास असेल.

२१ मार्च
मेढ्याला. तिकडं एक रिसॉर्ट बंद पडलं आहे, स्वयंपाकघराचं सामान काढताहेत अशी नानांना त्यांच्या पलटणीतल्या एका मित्राकडून खबर लागली. नानांनी टेम्पो काढला. वाटेत मेसच्या कोंबडीची गोष्ट दोनदा सांगितली. कोंबडी दुसऱ्या वेळेस जास्त मोठी होती.

बिडाची जाळी मिळाली, जड, न गंजलेली. झाकणाला लावायचा थर्मामीटर मिळाला. पत्र्याची झाकणं पण मिळाली. नाना तिथल्या वॉचमनशी हिंदीत बोलले, वॉचमन मेढ्याचाच होता, तोही हिंदीत बोलला. दोघं मराठीत आले तेव्हा भाव ठरला.

येताना नाना अचानक म्हणाले की साईराजला गाळा मिळाला तर तो आठ दिवसांत कंटाळेल, पण पोरगा आहे, तोंडावर नाही म्हणता येत नाही. पेटी चालू कर बाई, असं म्हणाले. मी म्हणाले, जवळजवळ चालूच आहे.

२५ मार्च
आजचा दिवस सोन्याचा. बर्नर मिळाले.

कोरेगावात भाऊसोंचं भंगारचं दुकान आहे. तिथं चपात्या भाजायच्या लांब तव्याची एक शेगडी पडली होती. खाली सरळ पाईपसारखे तीन बर्नर, पितळी तोंडाचे. लांबी पेटीला तंतोतंत. नियमाप्रमाणे मूळ विचारलं. भाऊसो म्हणाले, तुमच्याच गावची आहे. मारुतीच्या देवळात हरिनाम सप्ता असतो, त्याच्या महाप्रसादाच्या चपात्या हिच्यावर व्हायच्या. कमिटीनं नवीन मोठी घेतली म्हणून ही विकली.

म्हणजे वर्षातले सात दिवस वापर, बाकी वेळ झाकून ठेवलेली. लसूण-कांदासुद्धा कधी हिच्याजवळ आलेला नाही. इतकं स्वच्छ मूळ असलेला पार्ट मला आजवर मिळाला नव्हता. फार समाधान वाटलं.

घरी कुणाला सांगायला गेले तर सगळे मालिका बघत होते.

२९ मार्च
जोडणी पूर्ण. बर्नर बसवले, जेट, म्हणजे गॅस सुटायची बारीक तोंडं, बदलले, व्हॉल्व्ह फिरतात, झाकण एका बोटानं उघडतं. दुसरं चाक साईराजच्या लहानपणीच्या तीनचाकीचं. लायटर जाग्यावर. सिलेंडर लावून गळती बघायला प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. पुन्हा लावलं. नाही. जरा जास्त फेस करून लावलं, तरी नाही.

आई, काकी, नाना, सगळे गोठ्यापाशी येऊन बघून गेले. नानांनी पेटीला हात लावून बघितला आणि तो हात शर्टाला पुसला नाही. तात्यांनी शेजारच्या बयाबाईंना सांगितलं की पोरीनं केलं हो.

आता फक्त पेटवणं राहिलं. ती औपचारिकता आहे.

३० मार्च
काल पेटवणार होते, पण रबरी पाईपवर मुदतीची तारीख असते हे आठवलं. पेटीच्या पाईपची मुदत चार वर्षं शिल्लक. मग सहज घरच्या शेगडीची बघितली. संपलेली. मी ताबडतोब घरचा गॅस बंद केला.

नवा पाईप कोरेगावातून येईपर्यंत आईनं चुलीवर स्वयंपाक केला. धुरानं तिचे डोळे लाल झाले. सुरक्षितता कुणाला लगेच आवडत नाही.

४ एप्रिल
पेटवण्याचा दिवस ठरला होता. वारा होता. वाऱ्यात ज्योत विझून गॅस साचू शकतो. पुढं ढकललं. वारा अडवायला मागच्या बाजूनं पत्रा बसवला. बाजूनं पण बसवला.

७ एप्रिल
आज वारा अजिबात नव्हता. वारा नसेल तर गळालेला गॅस जागच्या जागी राहतो. पुढं ढकललं.

पत्रे काढून ठेवले.

१० एप्रिल
काकी आईला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हिला काडी ओढायचं भ्या वाटतंय गं. लहानपणी दिवाळीत पण दाराआड बसायची."

हे इथं स्पष्ट करून ठेवते. भीती म्हणजे कारण नसताना मागं सरणं. मी कारणं देऊन मागं सरते. दोन्हींत फरक आहे. दिवाळीत दाराआड बसायचे ते कानांसाठी.

आई भाकरी थापत होती. मग म्हणाली, मी बसते जवळ, पेटव की आत्ता. मी म्हणाले, सिलेंडर ऊन खात होता, थोडा गार होऊ दे. संध्याकाळपर्यंत गार झाला. तोवर अंधार पडला होता, आणि अंधारात निळी ज्योत नीट तपासता येत नाही. उलट अंधारातच नीट दिसते, हे नंतर लक्षात आलं. तेव्हा जेवायची वेळ झाली होती.

१३ एप्रिल
साईराज म्हणाला, ताई, दे इकडं, मी एका सेकंदात लावतो. नकार दिला. त्याचं शिक्षण त्यातलं नाही.

त्यानं दुकानाच्या बोर्डाचं डिझाईन मोबाईलवर करून ठेवलं आहे. ते मला दाखवलं आणि अक्षरं कशी वाटतात विचारलं. चांगली वाटली. खरं तेच सांगितलं.

तात्यांनी विचारलं, झाली का पेटी. मी म्हणाले, नव्व्याण्णव टक्के. तात्या म्हणाले, मग राहिलंय काय. मी म्हणाले, एक टक्का. तात्यांना हिशेब पटला.

१७ एप्रिल
रंगीत तालीम, गॅस न सोडता. झाकण उघडणं, बटण फिरवणं, लायटर दाबणं. ठिणगी पडली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा होता. थोडा वेळ गव्हाणीवर बसून घेतलं. म्हैस माझ्याकडं बघत होती.

तालीम यशस्वी. प्रत्यक्ष पेटवणं आता थेट यात्रेत, सर्वांसमोर. आधी पेटवून बर्नर उगाच काळे करण्यात अर्थ नाही. हा निर्णय मी शांत डोक्यानं घेतला.

२० एप्रिल
परवा यात्रा सुरू. गाळ्याच्या रंगाचा डबा आणून ठेवला. फिकट निळा संपला होता, आकाशी मिळाला. तात्या स्वतः गाळा झाडून आले. गिरणीच्या पिठानं त्यांचे केस पांढरे झाले होते. म्हणाले, तुझं टेबल खिडकीपाशी बसंल, उजेड हाय. त्यांनी टेबलाचा विचार केला आहे हे मला माहीत नव्हतं.

साबणाचं पाणी लावून तपासलं. बुडबुडा नाही.

२४ एप्रिल
यात्रा झाली. काल लिहायला सवड मिळाली नाही. जे घडलं ते क्रमानं लिहिते.

मटणाचा दिवस. अंगणात मांडव. मोठ्या चुलीवर रश्श्याचं पातेलं. काकीनं भाजायचं मटण आलं-लसूण, हळद, मीठ आणि आमची चटणी लावून दोन परातींत मुरत ठेवलेलं. पेटी मांडवाच्या कडेला, वाऱ्याचा अंदाज घेऊन, सिलेंडर लांब. नानांनी ती खोबरेल तेलानं पुसून चकाचक केली होती. म्हसवडहून रंगुबाई आत्या आलेल्या, तात्यांच्या थोरल्या बहीण. त्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या सुनांची चौकशी करत होत्या.

नानांनी पाव्हण्यांना गोळा केलं. कोंबडीची गोष्ट सांगितली. कोंबडी आता साधारण शहामृगाएवढी झाली होती. मग ते बाजूला झाले आणि म्हणाले, हे सगळं आमच्या सोनमनं केलं, भंगारातनं उभं केलं. तात्या पुढं आले. गीझरचा लायटर ऐन वेळी दगा देईल म्हणून त्यांनी खिशातून काडेपेटी काढली आणि माझ्या हातात दिली. तात्या एरवी माझ्याकडं बघून हसत नाहीत. काल हसत होते.

मी म्हणाले, साबणाचं पाणी एकदा लावते. लावलं. सगळे थांबले. बुडबुडा नाही. पलीकडच्या बाजूनं लावलं. कुणीतरी विचारलं, आंघोळ घालायची का पेटीला. नाना म्हणाले, चेकिंग चालू आहे, मिलिटरीत पण असतं.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. मी काडी काढली. आणि त्याच क्षणी मला जाणवलं की बर्नर कुठून आले हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्याच नियमात ते बसत नव्हतं. लोक त्यावरचं खाणार होते. गप्प बसणं म्हणजे लपवणं झालं असतं.

मी काडी खाली घेतली आणि म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. ह्याचे बर्नर मारुतीच्या देवळातले आहेत. सप्त्यातल्या चपात्यांच्या शेगडीचे."

रंगुबाई आत्या खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "आणि त्याच्यावर तू बोकड भाजणार व्हय गं?"

मी म्हणाले की कमिटीनं शेगडी भाऊसोंना विकली होती, मूळ स्वच्छ आहे, म्हणून तर घेतले. आत्या म्हणाल्या, तेच म्हणतीय मी. नाना म्हणाले, विकलेलं लोखंड आहे, आता देवाचं काय त्यात. मग भाऊसोंनाही देवळात माफी मागायला पाठवता का. पाव्हण्यांतले दोघं नानांच्या बाजूनं झाले, पण त्यांच्या बायका त्यांच्याकडं बघायला लागल्या तसे ते पुन्हा मध्ये आले. काकीनं परातीवर ताट झाकलं. आईनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात काडेपेटी होती, तिकडं बघितलं, आणि मग खाली बघितलं.

तात्या हळू आवाजात म्हणाले, "हे आत्ताच आठवायचं हुतं का गं?"

मी म्हणाले, आत्ता आठवलं हे नशीब.

निकाल आत्यांनीच दिला. बर्नर काढायचे, धुऊन, हळद-कुंकू लावून देवळात नेऊन ठेवायचे. साईराजनं माझा पाना घेतला आणि बर्नर सोडवले. बोल्ट योग्य घट्ट होते, त्यामुळं पटकन निघाले. बर्नर गेले तसे व्हॉल्व्ह, पाईप, सिलेंडर, लायटर यांचं काम उरलं नाही. तेही काढले. पत्र्याची झाकणं मध्ये येत होती. काढली.

मग नानांनी चुलीतले बाभळीचे निखारे फावड्यानं उचलून पेटीच्या तळात ओतले, वर बिडाची जाळी ठेवली आणि मटण टाकलं.

मटण फार चांगलं भाजलं गेलं. दोन्ही पराती संपल्या. पाव्हणे म्हणाले, पेटी झकास आहे, तुमी कुठनं आणली. नानांनी सांगितलं. झाकणावरच्या थर्मामीटरनं तापमान व्यवस्थित दाखवलं, हे कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं. नोंद घेतली.

एकंदरीत प्रयोग सुरक्षित पार पडला.

२६ एप्रिल
पाव्हणे गेले. सकाळी तात्या अंगणात बसले होते. मला बोलावलं. गाळ्याची किल्ली त्यांच्या तळहातावर होती.

म्हणाले, पेटी चालली, माणसं जेवून गेली, नानाचं नाव झालं. घे.

माझा हात पुढं गेला होता. पण अट आठवली. अट गॅसवर चालवण्याची होती. पेटी निखाऱ्यांवर चालली. निखारे नानांचे. मी काहीच पेटवलं नव्हतं. हे तात्यांच्या लक्षात आलं नसेल तर माझ्याशिवाय कोण सांगणार. मी सांगितलं.

तात्या म्हणाले, "आगं, मी काय कोर्ट हाय का?"

मी म्हणाले, पण ठरलं तसं झालं नाही. साईराजला वाटेल की मला फुकट मिळाला. तात्या म्हणाले, साईराजला मी विचारलंय, त्याची हरकत न्हाई. मी म्हणाले, हरकत नसली तरी अट अटच असते. आणि खरं सांगायचं तर गाळ्याच्या वायरिंगची तपासणी अजून झालेली नाही. गिरणीचा मोठा लोड होता. आत शिरून एकदम मेन स्विच चालू करणं बरोबर नाही.

तात्यांनी किल्ली तळहातावर फिरवली. मग म्हणाले, "तुला नको हाय का गं ते? तसं सांग. राग न्हाई येणार मला."

मी म्हणाले, हवा आहे. योग्य रीतीनं हवा आहे.

त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि उसाला पाणी द्यायला गेले. माझा प्रामाणिकपणा त्यांना पटला असावा, कारण पुढं काही बोलले नाहीत. आईही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. यात्रेनं दमली असेल.

रंगाचा डबा साईराजनं विचारून नेला.

४ मे
साईराजच्या दुकानाचं उद्घाटन. आकाशी रंग चांगला दिसतो. वायरिंगला काही झालं नाही. मेन स्विच त्यानं नारळ फोडल्याबरोबर दाबला. मी तेवढा वेळ बाहेर स्टॉपवर उभी होते, बस येते का ते पाहत.

बयाबाई पिशवीत मिक्सर घेऊन आल्या. तात्यांनी त्यांना यात्रेआधी सांगून ठेवलं होतं की पोरगी दुकान काढतेय, पहिलं गिऱ्हाईक तुमी व्हा. त्यांनी मोबाईलची कव्हरं बघितली, मला बघितलं, आणि मिक्सर कुणाकडं द्यायचा असं विचारलं.

साईराज म्हणाला, ताई, तो खिडकीजवळचा कोपरा मोकळाच आहे, टेबल टाक तिथं, भाडं-बिडं काही नको. आत्ता टाक. गोठ्यातलं टेबल आणू का, म्हणाला. गाडीची किल्ली पण काढली.

चांगली कल्पना आहे. पण घाईत घ्यायचा निर्णय नाही. उजेड किती वाजेपर्यंत येतो, प्लग किती अंतरावर, त्याच्या गिऱ्हाइकांचा पाय वायरीत अडकेल का, हे सगळं बघावं लागेल. त्याला म्हणाले, अभ्यास करून सांगते. बयाबाईंना म्हणाले, आठ दिवसांनी या. त्या बरं म्हणाल्या आणि मिक्सर पिशवीत घालून घेऊन गेल्या.

७ मे
कोपऱ्याचा अभ्यास चालू. टेपनं माप घेतलं. टेबल बसतं. खुर्चीही बसते.

१० मे
उजेडाचा अभ्यास पूर्ण. उजेड भरपूर. हरकत घेण्यासारखं काही सापडत नाही. एकदा पुन्हा बघते.

१३ मे
निर्णय झाला. कोपरा घ्यायचा. सकाळी डोक्याला तेल न लावता, नीट तयार होऊन, साईराजला सांगायला गाळ्यावर गेले.

खिडकीजवळ कोल्ड्रिंकचा फ्रिज आला आहे. कंपनीनं परवा फुकट बसवून दिला. साईराज म्हणाला, ताई, तू काही बोललीच नाहीस, मला वाटलं तुझं मन नाही. काढायला सांगू का, पण कंपनीशी वर्षाचा करार झालाय. मी म्हणाले, असू दे, उन्हाळ्याचा चालेल. बयाबाई स्टॉपवर बसची वाट बघत होत्या. मिक्सर कोरेगावात दुरुस्त करून घेतला, चांगला फिरतोय, म्हणाल्या.

साईराजनं मला थंड बाटली दिली. मी ती पीत फ्रिज सगळ्या बाजूंनी तपासला. दरवाजाचं रबर, मागची जाळी, प्लग, अर्थिंग. नवा आहे. त्यात दुरुस्त करण्यासारखं सध्या काहीच नाही.